तिसरा ट्रॉम्बोन

१

मुंबईत असल्फ्याच्या टेकडीवर राहणाऱ्या माणसाला अर्ध्या वाक्यावर थांबायची सवय असते. दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान उतरतं. "अगं, भाजी..." म्हणून बाई तोंड उघडं ठेवून थांबते, विमान जातं, मग "...संपलीय" म्हणून वाक्य पुरं होतं. पाहुण्यांना याची गंमत वाटते. इथल्यांना काही वाटत नाही. इथली भांडणंसुद्धा तुकड्यातुकड्यांनी होतात आणि त्यामुळे जरा लांबतात.

दर्शना सरवदेचं पोट मात्र कानांवर चालायचं. जुन्या सिनेमातलं संगीत ऐकायचं आणि त्यातल्या प्रत्येक वाद्याचं नोटेशन वेगवेगळं कागदावर उतरवायचं, हे तिचं काम. त्रेचाळीस वर्षांची बाई, सहाव्या मजल्यावरच्या घरात, कानांवर भलेमोठे काळे हेडफोन चढवून दिवसभर टेबलाशी बसलेली. शेजारच्या मालनताई म्हणायच्या, "दर्शनाला हाक मारायची तर आधी मिस कॉल द्यावा लागतो."

या खेपेचं काम केतन नावाच्या आयोजकाचं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वीचा, विमानांच्या लढाईचा एक हिंदी सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवायचा आणि पडद्यासमोर साठ वादक बसवून त्याचं संगीत प्रत्यक्ष वाजवायचं, असा त्याचा बेत होता. मूळ कागद केव्हाच रद्दीत गेले होते, म्हणून ही कानांची हमाली. "महिनाअखेरीस पहिली तालीम आहे, वाट लावू नकोस यार माझी," असं केतन दिवसाआड फोनवर म्हणायचा.

दर्शनाने हे काम घेतलं त्याला आणखी एक कारण होतं. त्या सिनेमाच्या वाद्यवृंदात तिसरा ट्रॉम्बोन तिच्या वडिलांचा होता. राजाराम सरवदे. बार्शीच्या बँडपथकातून उचलून मुंबईच्या रेकॉर्डिंग हॉलमध्ये आलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून अण्णा खिडकीपाशी खुर्चीत, दर्शनाच्या टेबलाकडे पाठ करून बसलेले असायचे. आई, शांताबाई, त्याआधीच गेली होती. अण्णांच्या तोंडून एकदा स्वतःचं नाव ऐकावं, याहून जास्त काही दर्शनाने गेल्या दोन वर्षांत मागितलं नव्हतं.

विमानांच्या लढाईचं संगीत लिहिण्याची एक ठरलेली रीत असते आणि दर्शनाला ती मनापासून आवडायची. विमान धावपट्टीवरून उठलं की ट्रम्पेट ललकारतात. ढगांच्या वर पोचलं की फ्रेंच हॉर्नचे लांब, मोकळे सूर येतात, जणू खाली मरायला कुणी उरलेलंच नाही. शत्रू दिसला की व्हायोलिनं एकमेकांच्या मागे लागतात, खालून ड्रम त्यांना हाकतात. आणि विमानाला गोळी लागली की सगळं गप्प. पितळी वाद्यं बंद, ड्रम बंद, फक्त व्हायोलिनांचा एकच ताणलेला सूर. विमान पडत राहतं. ते जमिनीला टेकेल त्या क्षणाला ट्रॉम्बोन येतात.

या सिनेमात ती शांतता चोवीस बारांची होती. बार म्हणजे चार ठोक्यांचा तुकडा. एकूण दीड मिनिटाच्या वर. खरं विमान पडायला इतका वेळ लावत नसावं, पण सिनेमातल्या वैमानिकाला तेवढ्यात आईची आठवण वगैरे काढायची असते. शेवटी विमान डोंगराआड जातं आणि ट्रॉम्बोन वाजतात. आपटलेलं काही दिसत नाही.

दर्शनाने ट्रॉम्बोनचा खालचा सूर लिहिला, वरचा लिहिला. मधला सापडेना. तिने तो क्षण वीस वेळा ऐकला. कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन सुरांच्या, मध्यभागी भोक होतं. आणि मधला सूर म्हणजे काही ताटातली चटणी नव्हे. कॉर्ड सुखाची की दुःखाची, हे तोच सांगतो. ट्रॉम्बोन तीन होते आणि वाजत होते दोन.

"अण्णा," ती पाठमोऱ्या खुर्चीला म्हणाली, "तुमचा सूर कुठं गेला हो?"

अण्णांनी मान वळवली नाही. त्यांच्या चांगल्या, डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.

२

हा अंगठा तिने जन्मभर पाहिला होता. ट्रॉम्बोनवाल्याचं निम्मं आयुष्य गप्प बसण्यात जातं. पन्नास बार गप्प, मग दोन बार वाजव, पुन्हा तीस बार गप्प. वाजवणं सोपं, मोजणं कठीण, असं अण्णा म्हणायचे. मोजायचे ते पेरांवर. चार बोटांची बारा पेरं, एका बाराला एक पेर. दोन फेऱ्या झाल्या की चोवीस.

दर्शना पाच वर्षांची असताना त्यांनी तिलाही असंच शिकवलं होतं. मोजण्याच्या नादात ती पुढे वाहवत गेली की ते तिचा इवलासा अंगठा दोन बोटांत धरायचे आणि म्हणायचे, "बास. आता वाजव."

पुढे हॉलमधलं काम संपलं, ट्रॉम्बोन विकला गेला, पण अंगठा चालूच राहिला. जेवताना, दाढी करताना, सिनेमा बघताना. आई वैतागायची. "तू दोन वर्षांची होईस्तोवर हा माणूस धड होता," म्हणायची. "मग कुठनं हे खूळ लागलं, देव जाणे." देव वगैरे ती मानत नव्हती, पण नवऱ्याच्या बाबतीत तिचा नाइलाज व्हायचा.

त्या दुपारी दर्शनाने पहिल्यांदाच नीट पाहिलं. अंगठा एका पेरावर चार सेकंद थांबायचा आणि पुढच्या पेरावर जायचा. तिने फोनवर ठोके देणारा मेट्रोनोम लावला. मिनिटाला साठ ठोके, चार ठोक्यांना एक पेर. त्या चोवीस बारांची हीच लय होती, तंतोतंत.

हेडफोन तिच्या कानांवर होते, खोलीत काहीच वाजत नव्हतं. तिने फाइल बंद केली, तरी लय तीच. अण्णांना डुलकी लागली, मान छातीवर आली. अंगठा चालूच. आपण पाय आपटत असू नकळत, त्याचं कंपन जात असेल, असं म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि दारातून बघू लागली. साठ म्हणजे साठ.

दोन फेऱ्या झाल्या. आता थांबेल, असं तिला वाटलं. अंगठा पहिल्या पेरावर गेला. पंचवीस. सव्वीस. तीनशेपर्यंत ती मोजत राहिली आणि मग शेवग्याच्या शेंगा करपल्याचा वास आला.

३

माधुरी सोमवार, बुधवार, शुक्रवार यायची. झटका आलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे तिचं काम. तरणीताठी, फटकळ, अण्णांना "काय हिरो" म्हणणारी मुलगी. दर्शनाने तिला मोजण्याचं सांगितलं तशी ती उडालीच.

"अगं दर्शनाताई, मग वाट कसली बघतेस? म्युझिक त्यांच्या डोक्यात शाबूत आहे ना! ओठांना फुंकायला लावू. माउथपीस आहे का घरात?"

ट्रॉम्बोन विकला होता, पण त्याचं पितळेचं तोंड आईच्या लोखंडी कपाटात रुमालात बांधून ठेवलेलं होतं. माधुरीने ते उकळत्या पाण्यातून काढलं आणि अण्णांच्या वाकड्या ओठांना लावलं. पहिल्या दिवशी नुसती लाळ आली. दुसऱ्या खेपेला फुसका वारा. तिसऱ्या खेपेला ओठ थरथरले आणि खोलीत एक भसाडा, ओला, पण खराखुरा आवाज उमटला. दर्शना मोरीत जाऊन रडून आली.

अडचण एकच होती. माउथपीस धरायला अण्णांचा डावा हात लागायचा आणि तो हात द्यायला ते तयार नसायचे. माधुरीने बोटं धरली की एरवी गरीब गाईसारखा बसणारा हा माणूस गुरगुरायचा, मान झटकायचा. डोळ्यांत पाणी यायचं. हात सुटला की अंगठा घाईघाईने पेरांवर जायचा, काहीतरी हातून निसटल्यासारखा.

"मोजण्यात अडकलेत ते," माधुरी म्हणाली. "सुई अडकते ना रेकॉर्डवर, तसं. त्यांना थांबवायला पाहिजे. चोवीसला थांबून फुंकलं ना, तर मेंदूला कळेल की एक काम संपलं. मग पुढचं सुरू होईल. शब्दसुद्धा येतील बघ."

हे पटण्यासारखं होतं. आणि पटवून घ्यायला दर्शना एका पायावर तयार होती.

त्याच आठवड्यात तिला ती शीळ ऐकू आली. चोवीस बारांच्या त्या ताणलेल्या सुराखाली, फार खोल, एक बारीक शीळ. वरून खाली येणारी. आधी तिने ती कागदावर लिहिलीही, बासरी असेल समजून. पण बासरीवाल्यालाही श्वास घ्यावा लागतो. ही कुठेच तुटत नव्हती.

सोमवारी संध्याकाळी ती शीळ ज्या सुरावर संपत होती, तो सूर तिने पेन्सिलीने टिपून ठेवला. मंगळवारी तोच होता. बुधवारी माधुरी येऊन गेल्यावर तो अर्ध्या सुराने खाली उतरला होता. गुरुवारी तिथेच. शुक्रवारी आणखी खाली.

फाइल तीच होती. तिने तारीख पाहिली, आकार पाहिला. मग स्वतःला समजावलं. त्रेचाळिशीचे कान, दिवसाला दहा तास हेडफोन, बाहेर विमानांची वर्दळ. कान थकले की सूर उतरल्यासारखा वाटतो, हे कुठल्याही वादकाला विचारा. माधुरी आली त्या दिवशी कान जास्त थकतात, कारण त्या दिवशी रडणंही होतं. एवढं सगळं तिने वहीत लिहून काढलं आणि वाचून बघितलं. वाचायला ते बरोबर वाटलं.

४

रविवारी मालनताईंना अण्णांपाशी बसवून ती लोकलने मुलुंडला गेली. कांजूरला कचऱ्याचा वास नाकात शिरला तो पार मुलुंडपर्यंत गेला नाही. तिथे नंदूकाका लेकाकडे राहायचे. त्या वाद्यवृंदात पहिल्या रांगेत व्हायोलिन वाजवलेला, मूळचा मालवणकडचा, ऐंशीला टेकलेला म्हातारा. चहाबरोबर त्यांनी खाजं पुढे केलं.

"तो दिवस? माका आजून आठवता गे," ते म्हणाले. "सकाळी धा वाजता बसलो आणि सांजचे सात वाजले. तेव्हा सिनेमाच्या तुकड्याचा लूप करीत. पट्टीचा तोंड शेपटीक चिकटवायचा. मग पडद्यार तोच तुकडो परत परत. इमान पडता, डोंगराआड जाता, परत वर येता, परत पडता. आमका वाजवता वाजवता उबग इलो. साठ खेपे तरी पडला असतला."

"अण्णांनी वाजवलं नाही ना?"

नंदूकाकांनी बशी खाली ठेवली. "तुका कसा ठाऊक?"

"कॉर्डमध्ये भोक आहे."

"कान बापाचे घेतलंस." ते म्हणाले. "पयले सगळे टेक तेणा झकास वाजवल्यान. शेवटच्या टेकाक म्युझिक डायरेक्टराचो हात वर झालो, दोघांनी वाजवल्यानी, ह्यो आपलो पडद्याकडे बघीत मोजताहा. साहेब दमलेलो, म्हणालो, ओके, पॅक-अप. कोणाच्या ध्यानातच इला नाय. मी बाजूक गेलंय, म्हटलं, राजा, झोपलंस काय रे? तर म्हणता, नंदू, इमानात बायलमाणूस हा. कानार ह्या एवढा लावलेला. माझ्याकडे बघता."

"मग?"

"मग काय, हसलो आमी. लढाईच्या इमानात बाई खंयची? तर तो म्हणालो, मी वाजवलं तर ती आपटतली. म्हणून मी वाजवणार नाय." नंदूकाकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "रिक्षेत बसलो तरी बोटां चालूच. मी म्हटलं, अरे, संपला ता. तर म्हणता, माझा नाय संपला."

परत येताना दर्शनाला राग आला. नंदूकाकांचा नव्हे, अण्णांचाच. एका दमलेल्या संध्याकाळी डोळ्यांना काहीतरी भास झाला आणि त्यापायी या माणसाने एक्केचाळीस वर्षं आपली बोटं झिजवली. बायकोकडे धड पाहिलं नाही, पोरीशी धड बोलला नाही. आणि आता बोलता येत नाही ते कशामुळे, तर मोजणं संपत नाही म्हणून. कुणीतरी हे संपवायला हवं होतं. नंदूकाकांनीच त्या दिवशी त्यांचा अंगठा का धरला नाही, असं तिला वाटलं.

५

सोमवारी तिने तो तुकडा चित्रासकट उघडला. आजवर ती फक्त ऐकत होती, चित्राकडे तिचं लक्ष नव्हतं. धुरकट, ओरखडे पडलेली कॉपी. विमान डाव्या बाजूने तिरकं खाली येतं, क्षणभर काचेचं झाकण कॅमेऱ्याकडे वळतं, मग डोंगर.

तो क्षण तिने एकेक चित्र करत पुढे सरकवला. काचेत एक डोकं होतं. कानावर काळं, गोल, मोठं काहीतरी. वैमानिकाच्या कानांवर असणारच की. चेहऱ्याच्या जागी नुसते पांढरे ठिपके. पुढच्या चित्रात डोकं किंचित वळलेलं. त्याच्या पुढच्यात आणखी थोडं. मग डोंगर आला. तिने खिडकीचा पडदा ओढला आणि पुन्हा पाहिलं. ठिपकेच ते. ठिपक्यांमध्ये माणूस काहीही बघू शकतो, ढगांत नाही का हत्ती दिसत?

मात्र बाई आपल्याकडे बघते असं अण्णा म्हणाले होते, आणि तिला दिसलं ते डोकं थेट समोर बघत नव्हतं. ते जरा खाली, पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होतं. वाद्यवृंदात ट्रॉम्बोन डावीकडे बसायचे की उजवीकडे, हे तिने नंदूकाकांना विचारलं नव्हतं. फोन करून विचारता आलं असतं. तिने केला नाही.

बुधवारी माधुरी आली. त्या दिवशी अण्णांनी माउथपीस खाली ठेवला, दर्शनाकडे पाहिलं आणि ओठ जुळवले. "द," ते म्हणाले. नुसता "द". माधुरीने टाळ्या वाजवल्या. दर्शनाने त्यांचे पाय धरले. "बोला अण्णा, पुढचं बोला." पण अंगठा पेरांवर परत गेला होता आणि डोळे खिडकीत.

त्या संध्याकाळी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि शीळ तरीही ऐकू आली. इतकी बारीक, की आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. मालनताईंचा कुकर, लिफ्टची मोटर, कानात घुमणारं रक्त. तिने एकेक कारण तपासलं. कुकर बंद होता. लिफ्ट खाली उभी होती.

थांबायचं असतं तर तेव्हा थांबता आलं असतं. केतनला सांगायचं, मधला सूर तुझा तू ठरव. माधुरीला सांगायचं, माउथपीस नको. अण्णांना मोजू द्यायचं. हे सगळं तिच्या मनात आलं आणि त्याच्या जोडीला तो "द" आला. आणखी दोनच अक्षरं राहिली होती. दोन अक्षरांसाठी माणूस काय करत नाही? आंधळा मागतो एक डोळा म्हणतात. तिनेही एकच तर मागितला होता. एका शिळेला घाबरून तो परत करायचा?

६

शुक्रवारी माधुरीचा निरोप आला, ताप आहे, येत नाही. दर्शनाला उलट बरं वाटलं. हे काम बापलेकीचंच होतं.

दुपारचे तीन वाजले होते. सकाळपासून विमानं येत नव्हती. वारा फिरला की ती समुद्राच्या बाजूने उतरतात, वर्षातून काही दिवस असं होतंच. टेकडीवरची माणसं सबंध वाक्यं बोलत होती आणि त्यांनाच ती चमत्कारिक वाटत होती.

तिने अण्णांची खुर्ची टेबलाकडे वळवली. लॅपटॉपला स्पीकर जोडला, हेडफोन मात्र सवयीने कानांवरच राहू दिले, एक कान मोकळा ठेवून. माउथपीस त्यांच्या ओठांशी तिने स्वतः धरला. दुसऱ्या हाताने त्यांचा डावा हात हातात घेतला. ते गुरगुरले. "अण्णा, मी आहे ना. दोघं मिळून मोजू. तुम्हीच शिकवलंय की."

फाइल चालू झाली. ट्रम्पेट उठले, हॉर्न ढगांवर गेले, व्हायोलिनं एकमेकांच्या मागे लागली. अण्णांच्या डोळ्यांत ओळख आली आणि लगेच भीती. पडद्यावर गोळी लागली. सगळं गप्प झालं. लांब सूर ताणला गेला.

एक. दोन. दर्शना मोठ्याने मोजत होती. अंगठा तिच्या मुठीत तिच्याबरोबर सरकत होता. बारा. तेरा. शीळ आता लपत नव्हती, ती स्पीकरमधून येत होती की खिडकीतून हे सांगता येत नव्हतं. अठरा. अण्णा मान हलवू लागले. नाही, नाही, नाही. घशातून घरघर येत होती. तिने माउथपीस दाबून धरला. बावीस. तेवीस. त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळले होते आणि त्यांत इतकी विनवणी होती, की एरवी तिने जगातली कुठलीही गोष्ट सोडून दिली असती.

चोवीस. अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर आला. तिथून तो पुढे उडी घेणार, तेवढ्यात तिने तो दोन बोटांत घट्ट धरला.

"बास," ती म्हणाली. "आता वाजवा."

पन्नास वर्षांच्या सवयीपुढे माणसाचं काय चालतं? ओठ आपोआप आवळले. स्पीकरमधले दोन ट्रॉम्बोन वाजले आणि त्यांच्या मधोमध अण्णांचा सूर बसला, कोमल, भरदार, तरण्या माणसाचा. इवल्याशा पितळी तोंडातून तसा सूर निघत नाही. भोक भरलं. कॉर्ड दुःखाची होती.

दर्शना हसत होती, रडत होती. "आलं अण्णा, आलं!" अंगठा तिच्या हातात गार आणि स्थिर पडला होता. एक्केचाळीस वर्षांत प्रथमच.

"दर्शना," अण्णा म्हणाले.

स्वच्छ. जुना, भारदस्त आवाज. ती दोन अक्षरं आली होती आणि त्यांच्यामागे बाकीचंही आलं.

"तेव्हाही हेच होतं तुझ्या कानांवर," ते म्हणाले. "एवढीशी होतीस तू घरी. पण मी ओळखलं. आपली पोर ओळखू येणार नाही?"

तिने लॅपटॉपकडे पाहिलं. फाइल संपायला हवी होती, ती संपली नव्हती. विमान डोंगराआड गेलं नव्हतं. डोंगर बाजूला सरला होता, काचेचं झाकण पडद्यावर मोठं होत चाललं होतं आणि त्यातले ठिपके एकेक करून जागेवर बसत होते. रोज सकाळी बेसिनवर दिसणारा चेहरा होता तो. एका कानावर हेडफोन, एक कान मोकळा. तोंड उघडं, काहीतरी सांगत असलेलं.

शीळ आता शीळ राहिली नव्हती. खिडकीची तावदानं थरथरू लागली. टेबलावरची पेन्सिल घरंगळून खाली पडली, तिचा आवाज आला नाही. अण्णांनी हात सोडवून घेतला आणि अंगठा पहिल्या पेरावर नेऊ पाहिला. तो जाईना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग तो हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला आणि तिला जवळ ओढलं.

"चुकलो गं," ते तिच्या मोकळ्या कानाशी म्हणाले. "लवकर वाजवलं मी."

नाही अण्णा, तुम्ही बरोबर होता, अंगठा मी धरला, असं ती ओरडून सांगत होती, पुन्हा पुन्हा सांगत होती. आवाज इतका जवळ आला होता, की त्यांना त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही.